खालचे आणि सहावा भाग

“जा. सांगतेय ना, जा.”

हे मी एकदा रागाने म्हणाले. मग दात-ओठ खाऊन. मग रडवेल्या आवाजात. डोळ्यांत पाणी यायला आणि दाराची बेल वाजायला एकच गाठ पडली.

दारात एक उंच गृहस्थ उभे. स्वेटर उलटा, पायात घरातल्या सपाता आणि हातात मिटलेली छत्री. बाहेर आकाश लख्ख होतं, आणि छत्री त्यांनी दांडक्यासारखी धरली होती.

“माफ करा, मी खाली राहतो,” ते माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाले. “तुम्ही कधीपासून कोणाला तरी जा म्हणताय. कालही म्हणत होतात. तो... जात कसा नाही?”

“कोण?”

“तेच विचारतोय. आत कोण आहे?”

“आत माझी आई आहे.”

छत्री किंचित खाली आली. “तुम्ही आईंना जा म्हणताय?”

“म्हणेना का,” आतून आईचा आवाज आला. “गुडघ्याचं ऑपरेशन झालंय माझं. जाऊन जाऊन जाणार कुठे? कोण आहे गं?”

मला हसू फुटलं. गाल ओले आणि तोंड हसरं, असं ध्यान पहिल्याच भेटीत दाखवायची हौस नव्हती, पण इलाज नव्हता. मी त्यांना आत घेतलं आणि पडद्याकडे बोट केलं. तिथे एक बाई नदीकाठी तोंड उघडून गोठली होती. मी परभाषेतल्या मालिकांचे मराठी संवाद लिहिते. पात्राचे ओठ जसे हलतात तसेच शब्द बसवावे लागतात, म्हणून प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणून बघावं लागतं. सध्या हातात होती एका जुन्या, गाजलेल्या कादंबरीवरची आठ भागांची मालिका.

“म्हणजे जा तुम्ही म्हणत नाही. ही म्हणते.”

“ही म्हणते. मी फक्त तिच्या तोंडात मराठी घालते.”

त्यांनी छत्री भिंतीला टेकवली आणि पडद्याजवळ गेले. “ही नाववाली ना? पण पुस्तकात ती जा म्हणत नाही. वल्ह्याने त्याच्या अंगावर पाणी उडवते.”

मला न विचारता दिलेल्या सल्ल्याचा राग येतो. तो बरोबर असला तर जास्तच. कादंबरी मी वाचली नव्हती; स्टुडिओने मालिका दिली होती आणि मुदत दिली होती, वाचायला वेळ कोणी दिला नव्हता. मी काही बोलणार, तेवढ्यात आई म्हणाली, “तुमच्याकडे आहे का ते पुस्तक? मग उद्या घेऊन या. मला दिवसभर छताकडे बघून कंटाळा आलाय.”

असं ते सुरू झालं.

दुसऱ्या संध्याकाळी ते आले, स्वेटर सुलटा घालून आणि कादंबरीचा मराठी अनुवाद घेऊन. आमच्या बैठकीच्या खोलीत एक मोठा सोफा आहे, त्यावर आई पाय लांब करून. खिडकीशी माझं टेबल. मध्ये उभा दिवा आणि त्याखाली वेताची खुर्ची. ती खुर्ची त्यांची झाली. आधी ते एक प्रकरण वाचायचे, मग आम्ही तेवढाच भाग पडद्यावर बघायचो. “आधी पान, मग पडदा,” हा आईचा कायदा. वाचताना ते घाई करत नसत. एकेक शब्द धुऊन-पुसून ठेवल्यासारखा. मला नवल वाटायचं. मग कळलं, कामच तसं होतं. ते एका हॉस्पिटलात कान तपासायचे. आवाज न शिरणाऱ्या खोलीत माणसाला बसवायचं आणि काचेपलीकडून शब्द म्हणायचे, आधी मोठ्याने, मग हळू, मग आणखी हळू.

“आणि ऐकू आलं नाही तरी लोक मान डोलवतात,” ते म्हणाले. “ऐकू आल्याचं सोंग मला लगेच ओळखता येतं.”

“आणि ऐकू न आल्याचं?”

त्यांनी पुस्तकावरून माझ्याकडे पाहिलं. “ते जास्त लवकर.”

मी वळून टाइप करायला लागले. काय टाइप केलं ते दुसऱ्या दिवशी पुसावं लागलं.

गोष्ट साधी होती. बापाच्या माघारी नदीवर नाव चालवणारी एक मुलगी. तिथे पूल बांधायला आलेला एक इंजिनियर. पूल झाला की नाव बंद. दोघं प्रेमात पडतात हे सांगायला नकोच. आईला कादंबरी आवडायची आणि मालिकेची खोडी काढायला त्याहून आवडायचं. “पुस्तकात तिच्या हाताला घट्टे आहेत, आणि ही बघ, नदी वल्हवून आली तरी केसाची बट हलली नाही.” किंवा, “यांच्या मनात काही आलं की लगेच पाऊस. इतका पाऊस पडला तर पूल बांधणार कधी?” खालचे खो-खो हसायचे. हो, ‘खालचे’. नाव आईने विचारून घेतलं होतं, पण तोंडात बसलं ते हेच. आणि आईने त्यांना तिसऱ्याच संध्याकाळी ‘अरे’ केलं. “अरे खालच्या, दिवा जरा इकडे कर.” म्हातारपणाचे फायदे. माझी गाडी मात्र ‘अहो’वर अडली होती, आणि त्यांची ‘तुम्ही’वर. एकमेकांना साधी पेन्सिल द्यायची तरी आम्ही दोघं सरकारी कचेरीत असल्यासारखे बोलायचो. पेन्सिल देताना बोटाला बोट लागलं की मात्र दोघंही पेन्सिलीकडेच बघायचो.

पाचवा भाग चालू होता त्या संध्याकाळी त्यांनी वाईट वाचलं. अडखळले. एक पान गाळलं.

“पान गाळलंस,” आई म्हणाली.

“हो का?” त्यांनी पुस्तक मिटलं. “मला एका ठिकाणाहून बोलावणं आलंय. मोठं हॉस्पिटल आहे, दुसऱ्या शहरात. कानाचा सगळा विभाग माझ्याकडे देतायत. शनिवारी दुपारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय.”

दिव्याखाली काहीतरी घणघणत असल्यासारखं मला वाटलं. घणघणत काही नव्हतं.

“अभिनंदन,” मी म्हणाले. आवाज छान लागला. रोज सराव होता.

“थँक्यू,” ते म्हणाले. आणि नुसतेच बसून राहिले. काही ऐकू यायची वाट बघत बसल्यासारखे.

इथे मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मागे एकदा माझं लग्न ठरलं होतं, आणि मोडलं होतं. तो बॅग घेऊन निघाला तेव्हा मी जिन्यात उभी राहून ‘थांब’ म्हणाले होते. सगळ्या इमारतीला ऐकू गेलं. दारं किलकिली झाली. तो मात्र उतरत राहिला. तेव्हापासून तो शब्द मी वापरत नाही. बससाठीसुद्धा नुसता हात करते. आणि आता खालच्यांना मी थांबवावं, असं माझ्या मनात इतक्या जोराने आलं की मला भीती वाटली. ते मला आवडत होते. आवडत होते म्हणजे, संध्याकाळी जिन्यात सपाता वाजल्या की माझे हात गार पडत. हे आईला कळलं होतं, पेन्सिलीला कळलं होतं, आणि ज्यांचे कान एवढे तिखट त्यांना कळलं नव्हतं, की कळलं होतं? कळूनही जाणार असतील तर? मग मी कुठल्या जिन्यात उभी राहणार होते?

शुक्रवारी सहावा भाग आला. शनिवारी सकाळी तो स्टुडिओला पाठवायचा होता. नाववालीला आवाज देणारी बाई तिकडे त्याचीच वाट बघत होती. आई आज मटार सोलत होती, आणि नेहमीसारखी बोलत नव्हती.

त्यांनी प्रकरण वाचलं. पूल पूर्ण होतो, इंजिनियर निरोप घ्यायला येतो. पुस्तकात नाववाली एक शब्द बोलत नाही. दोर सोडवत राहते. तो जातो. मग मी मालिका लावली. मालिकेत अर्थातच पाऊस होता. तिथे ती भांडते, त्याला जा म्हणते. तो जायला लागतो. आणि ती मागून त्याला थांबवते. हाक मारून, एकाच शब्दात.

“पुस्तकातलंच बरोबर,” मी म्हणाले. “थांबवायचं कशाला? ज्याला राहायचं तो राहतो.”

“मला मालिकेतलं बरोबर वाटतं,” खालचे म्हणाले.

“तुम्हाला? इतके दिवस तुम्ही प्रत्येक पानाला पुस्तकाची बाजू घेतलीत.”

“घेतली. पण इथे मालिकावाल्यांना एक गोष्ट कळलीये.” ते हातातल्या पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. “जाणाऱ्याची पाठ असते. दोर सोडवणारे हात त्याला दिसत नाहीत. त्याला काही कळायचं असेल तर... ऐकूच यायला हवं.”

मी पडद्याकडे बघत राहिले.

“काय लिहिलंय तुम्ही तिथे?” त्यांनी विचारलं.

“अजून काही नाही. ‘जा’ लिहिलंय. तो सोपा आहे. पुढच्याला जागा सोडलीये.”

“सोपा का?”

“कारण ‘जा’ला मानपान नाही. तू जा, तुम्ही जा, शब्द तोच. पाचव्या भागापर्यंत दोघं अहो-जाहो करतायत. ती ‘तू’वर कधी येते, हे मूळ भाषेत कळतच नाही, त्यांच्याकडे एकच शब्द. मला ठरवावं लागतं. ‘जा’ म्हटलं की ठरवावं लागत नाही.”

“पळवाट आहे ही.”

“धंद्याची युक्ती म्हणा.”

“आणि पुढे? ‘थांब’ की ‘थांबा’?”

“ओठ बघून ठरवीन.”

“ती पाठमोरी आहे,” खालचे म्हणाले. “ओठ दिसत नाहीत. तुम्ही काहीही लिहू शकता.”

मटार सोलायचा आवाज बंद झाला होता. मी म्हणाले, “रागावलेली बाई ‘तू’वर येत नाही. मराठीत तर नाहीच. बाई रागावली की उलट जास्त मान देते. ‘आपली मर्जी, आपण मोठे’ असं.”

“मग आज तुम्ही माझ्यावर फार रागावला आहात,” ते हळूच म्हणाले. “आल्यापासून मला दोनदा ‘आपण’ म्हणालात.”

हे थट्टेत म्हटलं होतं. मला कळत होतं, थट्टेच्या मागे काय आहे ते. हात पुढे केला असता तर हाताला लागलं असतं. पण मी हात पुढे केला नाही. स्वतःचं भलं समोर दिसत असताना माणूस जे करतो तेच मी केलं, त्याला पाठ दाखवली.

“मी का रागावू? मी कोण तुम्हाला सांगणारी?”

“सांगून तर बघा.”

“काय सांगू? चांगली नोकरी आहे. मोठं हॉस्पिटल आहे. जा.”

खोलीत पडद्यावरचा पाऊस तेवढा वाजत होता. खालचे उभे राहिले. उंच माणूस उभा राहिला की दिव्याचा उजेड अर्धा होतो, हे मला तेव्हा कळलं.

“‘तू जा’ की ‘तुम्ही जा’?” त्यांनी विचारलं.

“काय फरक पडतो? जाणं तेच.”

त्यांनी पुस्तक आईच्या शेजारी ठेवलं. “उरलेली प्रकरणं तुम्हाला वाचता येतील,” ते आईला म्हणाले, आणि दार हलक्या हाताने ओढून घेतलं. जिन्यात सपाता वाजल्या, खाली खाली गेल्या. मी कान देऊन ऐकलं.

आईने शेंगांच्या साली गोळा केल्या.

“नाक वर ठेवून मिळवलंस काय?” ती म्हणाली.

“आई, तू मध्ये पडू नकोस.”

“मी कुठे पडतेय. पडून पडून गुडघा गेला माझा.” मग तिने मटाराचं भांडं बाजूला ठेवलं. “तो पहिला होता ना, जिन्यातला. त्याला तुझं ऐकू आलं होतं, बाळ. सगळं ऐकू आलं होतं. त्याला राहायचंच नव्हतं. त्यात तुझ्या शब्दाचा काय दोष?”

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. नळ सोडला होता तरी आईला कळलं असणार.

सकाळी मी सहावा भाग पाठवला नाही. रिकामी जागा तशीच होती. स्टुडिओवाल्या बाईंचा फोन वाजत राहिला. आई म्हणाली, “माझे कान तपासायचेत असं सांग. निमित्त लागेल ना काहीतरी.” मी म्हटलं, निमित्त नको. आणि केस न विंचरता निघाले.

त्यांच्या हॉस्पिटलात कानाच्या विभागात रांग होती, बहुतेक सगळी म्हातारी माणसं, एकमेकांशी ओरडून बोलत. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, “त्रास काय होतो?”

“बोलता येत नाही,” मी म्हणाले.

“मग घशाच्या डॉक्टरांकडे जा. इथे कान बघतात.”

“कानाचंच लिहा.”

माझी पाळी येईपर्यंत घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि दुसरं काहीच केलं नाही. दुपार जवळ येत होती. कदाचित त्यांनी फोन केलाही असेल. कदाचित काल जिना उतरल्या उतरल्याच केला असेल. उठून घरी जावं असं तीनदा... किती वेळा कोण जाणे, मनात आलं. मग माझं नाव पुकारलं.

खालच्यांनी कागदावरून मान वर केली. मला बघितलं. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही; कामामुळे त्यांना ती सवय होती.

“बसा,” ते म्हणाले. “हे कानांवर लावा. मी शब्द म्हणेन. ऐकू येईल तो शब्द परत म्हणायचा. अंदाजाने म्हणायचं नाही.”

मी आत बसले. जाड दार बंद झालं आणि जगातला सगळा आवाज कोणीतरी काढून घेतला. माझाच श्वास मला मोठा वाटायला लागला. काचेपलीकडे ते बसले आणि ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर एक पुठ्ठा धरला. नुसते डोळे दिसत होते, आणि ते कागदाकडे होते.

“पाणी,” माझ्या कानात त्यांचा आवाज आला. अगदी जवळ. इतक्या जवळून तो मी कधी ऐकला नव्हता.

“पाणी.”

“खिडकी.”

“खिडकी,” मी म्हणाले.

“दोरी.” आवाज एक पायरी उतरला.

“दोरी.” भित्री, मी स्वतःला म्हटलं. भित्री, भित्री.

“कागद.” आणखी हळू.

मी गप्प राहिले.

“कागद,” ते पुन्हा म्हणाले. “ऐकू येत नाहीये का?”

“थांब,” मी म्हणाले.

पुठ्ठा हलला नाही. डोळे मात्र कागदावरून उठले.

“हा शब्द माझ्या यादीत नाही,” ते सावकाश म्हणाले.

“माहितीये.”

“आवाज बारीक आला. परत म्हणा.”

“थांब.” या वेळी मोठ्याने. बाहेर ऐकू जायची भीती नव्हती, आणि गेलं असतं तरी आता मला चालणार होतं. “जाऊ नकोस. मला आवडणार नाही. आईला तर नाहीच, पण मला... मला सहन व्हायचं नाही. फोन केला असशील तर परत कर. नसेल केला तर करू नकोस. आणि हे सगळं ऐकूनही जायचं असेल तर जा, मी मरणार नाही. पण ऐकून जा.”

मग त्यांचा आवाज आला, जरा घोगरा.

“मघाचा शब्द. मला नीट लिहून घ्यायचाय. शेवटी काना आहे?”

“नाही,” मी म्हणाले. “काना नाही.”

त्याने पुठ्ठा खाली ठेवला. तो हसत नव्हता. लांबून पळत आल्यासारखा त्याला दम लागला होता. तो काही बोलणार तेवढ्यात त्याच्या मागचं दार उघडलं आणि काउंटरवरच्या बाई डोकावल्या. मला त्यांचंही माझ्या कानात ऐकू आलं. “झालं का हो? रांग वाढलीये. काय आहे यांना?”

“काही नाही,” तो माझ्याकडे बघतच म्हणाला. “कान उत्तम आहेत यांचे.” मग क्षणभर अडला, आणि म्हणाला, “हिचे.”